तारवालीने घेतलेली चाचणी

आमच्या वन कार्यालयात तिला सगळे तारवाली म्हणायचे. कानावर पेन्सिल, बोटांवर तारा जोडताना भाजल्याचे चट्टे, आणि बोलणं असं की तीन वाक्यांत समोरच्याला स्वतःच्या अकलेची शंका यावी. बिनतारी संच दुरुस्त करणाऱ्या बाईला हे नाव कोणी ठेवलं कोण जाणे, पण ते चिकटलं. मी तिथला कारकून. माझं टेबल तिच्या खोलीला लागून होतं. त्यामुळे ही हकिगत अर्धी मी डोळ्यांनी पाहिली आहे आणि अर्धी तिच्याच तोंडून ऐकली आहे.

तिचा थोरला भाऊ वणव्यावर पहारा ठेवायचा. नऊ वर्षांपूर्वी कार्यालयाने पहारेकऱ्यांसाठी नवे वॉकीटॉकी घेतले. विकणारा भर उन्हाळ्यातही टाय लावून यायचा, म्हणून तो टायवाला. त्याच्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं : पल्ला तीस किलोमीटर. त्याच उन्हाळ्यात आग दरीत उतरली. दादा लाकूडतोड्यांना बाहेर काढायला खाली गेला आणि वारा फिरला. त्याने वॉकीटॉकीवरून हाका मारल्या. वर चौकीत एकही पोचली नाही. दुपारभर धुरात राहून तो जिवंत निघाला, पण आवाज गमावून. तेव्हापासून तो फक्त कुजबुजतो, आणि दोन वाक्यांनंतर खोकत बसतो.

चौकशी बसली. टायवाल्याने आवारात शंभर पावलांवरून संच बोलून दाखवला आणि म्हणाला, "संच चोख आहे साहेब. घाबरलेल्या माणसाने बटण नीट दाबलं नसेल."

तेच वाक्य अहवालात उतरलं. खापर दादाच्या डोक्यावर फुटलं आणि नोकरी गेली.

"आगीला मी माफ केलं असतं," तारवाली मला एकदा म्हणाली. "तिला काय, डोळे नसतात. पण हा माणूस उघड्या डोळ्यांनी खोटं बोलला."

तिने डूख धरला. तोवर ती कपडे शिवायची. मशीन विकून ती एका म्हाताऱ्या दुरुस्तीवाल्याच्या हाताखाली बसली आणि चार वर्षं संच उघडून बघत राहिली. मग आमच्याकडे लागली. पुढे पुढे नवे साहेब तिला विचारल्याशिवाय साधी बॅटरीसुद्धा घेईनात.

या वर्षी सगळे वॉकीटॉकी बदलायचे ठरले. तीन विक्रेते आले. तिसरा टायवाला. त्याने तिला ओळखलं नाही. ओळखणार कसा, दादाच्या घरचं कोण आहे हे त्याने कधी विचारलंच नव्हतं. या वेळच्या खोक्यावर पन्नास किलोमीटर होते.

"मॅडम, बघा तरी, शर्टाच्या खिशात मावतो."

"पन्नास किलोमीटर कुठे मोजलेत?"

"कंपनीने मोजलेत ना."

"समुद्रावर मोजले असतील. आमच्याकडे मध्ये डोंगर आहे. लहरी डोंगर फोडून जात नाहीत."

तो हसला. साहेब तिला बाजूला घेऊन म्हणाले, "नापास करून टाक ना, विषय संपव."

"कागदावर नको साहेब. रानात चाचणी घेऊ."

अटी तिने सांगितल्या, मी टाईप केल्या. संच पाण्यात बुडवून काढायचा. हातमोजे घालून चालवायचा. आणि शेवटची अट : विक्रेत्याने स्वतः, एकट्याने, आपला संच घेऊन दरीच्या तळाशी जायचं आणि तिथून वर बोलायचं. दरी कुठली, ते वाचून माझी बोटं थांबली. तिने फक्त "पुढे" म्हटलं.

चाचणीच्या दिवशी आम्ही कड्यावर टेबल मांडलं. पहिल्या विक्रेत्याचा संच विटेसारखा जड, अँटेना हातभर लांब. पण त्याने कड्यावर एक पेटी बसवली होती, खालचा आवाज झेलून पुढे फेकणारी. त्याचा शब्दन् शब्द स्वच्छ आला. दुसऱ्याचा आवाज तुटत तुटत आला. अकरा वाजता टायवाला उतरला, टाय लावूनच.

साडेबारा झाले तरी टेबलावरचा वॉकीटॉकी मुका. तारवालीच्या कानांवर हेडफोन होते, मोठ्या अँटेनाच्या रिसीव्हरला जोडलेले. मी विचारलं, "काही येतंय?"

"खरखर," ती म्हणाली.

खरखर नव्हती. तो शेवाळावरून घसरला होता, पाय मुरगळला होता. टेबलावरच्या संचाला न पकडता येणारा त्याचा बारीक आवाज त्या अँटेनाला पकडता येत होता. आधी रुबाबात, "हॅलो, चाचणी." मग, "पाय गेलाय माझा, माणसं पाठवा." मग, "कोणी आहे का?" आणि मग नुसतं रडणं. चाळीस मिनिटं ती ते ऐकत बसली. पाणीसुद्धा प्यायली नाही. मग उठली, पहिल्या विक्रेत्याचा संच खांद्याला अडकवला आणि मला म्हणाली, "वही घ्या, चला."

तळाशी टायवाला दगडाला टेकून बसला होता. टाय घोट्याला गुंडाळलेला. तारवाली त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"हाक का नाही मारलीत?"

"मारली! घसा फुटेस्तोवर मारली!"

"बटण नीट दाबलं नसेल."

"अहो, शंभर वेळा दाबलं! हे डबडं वर पोचतच नाही!"

"लिहून घ्या," ती मला म्हणाली. मग त्याच्याकडे वळली. "नऊ वर्षांपूर्वी इथेच एका पहारेकऱ्याने असंच दाबलं होतं. मी त्याची बहीण. सही करा, मग स्ट्रेचर येईल."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मुकाट्याने सही केली. मगच तिने संच तोंडाशी नेला, आणि वरून लगेच उत्तर आलं.

त्या सहीच्या कागदाच्या जोरावर जुनी चौकशी पुन्हा उघडली. अहवालातलं ते वाक्य खोडलं गेलं आणि दादाचं नाव साफ झालं. टायवाल्याला सरकारी खरेदीची दारं बंद झाली. सहा महिन्यांत त्याच्या दुकानाची पाटीही उतरली. ती बघायला तारवाली मुद्दाम वाट वाकडी करून गेली होती.

नाव साफ झाल्याचं पत्र घेऊन आम्ही दोघं दादाकडे गेलो. त्याने ते दोनदा वाचलं, डोळे पुसले. तिने मग त्या चाळीस मिनिटांचं सगळं सांगितलं, एकही हाक न गाळता. मीही ते तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

दादा बराच वेळ खोकला. मग कुजबुजला, "माझं वर कोणाला ऐकूच आलं नव्हतं गं. तुला त्याचं येत होतं."

"येत होतं. म्हणूनच बसले."

"मी नसतो बसलो."

"तू नसतास बसला," ती म्हणाली, "म्हणून तर मला बसावं लागलं."

पुढचे आठ दिवस तो तिच्याशी बोलला नाही. ती रोज त्याचं औषध ठेवून यायची आणि कार्यालयात येऊन मजेत काम करायची. तिला वाईट वाटलं का, हे मी एकदा भीत भीत विचारलं. तिने पेन्सिल कानावर खोचली आणि म्हणाली, "दादा बोलत नाही त्याचं वाटतं. त्या माणसाचं तिळभर नाही."