आग विझल्यानंतरचे बळवंतराव

धारच्या आगीच्या बंबावर माणूस हवा आहे असे कळल्यावर मी लोहारद्याहून मजल दरमजल करीत आलो आणि बळवंतराव जमादारांपुढे छाती काढून उभा राहिलो. त्यांनी विचारले, "कशाला भितोस?" मी म्हणालो, "कशालाही नाही." "मग भिया," माळव्यात भावाला म्हणतात तसे ते म्हणाले, "तुझं आमच्याकडे काम नाही," आणि बैलांना वैरण घालू लागले. दोन दिवस मी बाजारात फुरंगटून हिंडलो. तिसऱ्या दिवशी परत जाऊन कबूल केले, "जमादार, पालीला भितो." ते इतके हसले की पागोटे सावरावे लागले. त्याच दिवशी त्यांनी मला कामावर घेतले.

जमादारांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांनी किती आगी विझवल्या हे सांगणारे पुष्कळ असतील. आग विझल्यानंतर ते काय करीत, हे आम्ही बंबावरचे सहाजणच सांगू शकतो, म्हणून हे लेखणीचे धाडस.

आमचा बंब हाताने दाबायचा. चौघे दांड्यावर, एक बैलांपाशी आणि एक कातडी नळी घेऊन पुढे. तो पुढचा मी. आग विझवून आलो की बंब धुवायचा, नळी वाळत घालायची आणि मग कोणीही परस्पर घरी जायचे नाही, असा जमादारांचा दंडक होता. त्यांच्या अंगणात ऊन पाण्याने आंघोळ, काकूंच्या हातचे दाळ-बाफले, म्हणजे वरण आणि तुपात बुडवलेले कणकेचे गोळे, आणि मग गोल बसून ज्याने त्याने घंटा झाल्यापासूनचे आपले आपण सांगायचे. सगळ्यांचे होईपर्यंत मध्ये कोणी बोलायचे नाही. आमचे रामभाऊ घंटा होण्यापूर्वी आपण काय जेवत होतो तिथपासून सुरुवात करीत. तेही जमादार मान डोलावून ऐकत. मला मात्र हा सगळा बायकी प्रकार वाटे. "काही नाही, पाणी मारलं," एवढे सांगून मी बाफल्यांकडे वळत असे.

एकदा एका अधिकाऱ्यांनी येऊन दटावले, "जमादार, बंबवाले इथे जेवणावळी झोडतात म्हणे!" बळवंतराव शांतपणे म्हणाले, "साहेब, नळी ओली गुंडाळून ठेवली तर आतून कुजते. माणसांचंही मी तेवढंच बघतो. बसा, दोन बाफले घ्या." साहेबांनी चार घेतले आणि तक्रार तिथेच मिटली.

मग काशीराम तेल्याचे घर पेटले. आम्ही पोहोचलो तेव्हा म्हातारा काशीराम दारातच उभा होता. मी त्याचा हात धरून त्याला बाहेर ओढले. तेवढ्यात नळी अडकली, ती सोडवायला मी हात सोडला आणि तो गाय सोडवायला पुन्हा आत शिरला. गाय वाचली, काशीराम गेला.

दुसऱ्या दिवशी मी गाठोडे बांधले. लोहारद्याला जायचे आणि पुन्हा बंबाचे नाव काढायचे नाही, एवढे ठरले होते. जमादार स्वतः खोलीवर आले. गाठोडे पाहून न पाहिल्यासारखे करीत म्हणाले, "जायचं तर जा. पण आधी चल, जेवून जा. उपाशी पोटी कोणी गाव सोडतं का?"

अंगणात सगळे गोल बसले. बैल हाकणारे रहीमचाचा सर्वांत वडील, ते प्रथम बोलले, "गलती मेरी थी. बैल जोतने में देर हो गई." रामभाऊंनी त्या दिवशी जेवणाचे काहीच सांगितले नाही, पाणी आणणाऱ्यांची रांग तुटली तेव्हा आपण ओरडायला हवे होते, असे म्हणून ते रडू लागले. एकाने आत खोकला ऐकला होता, त्याला बकरी वाटली. दुसऱ्याचा दांड्यावरून हात निसटला होता, तिसऱ्याने मागचे दार तपासले नव्हते. शेवटी मी माझा हात सगळ्यांपुढे धरला आणि म्हणालो, "याच हाताने सोडलं मी त्यांना." मग जो गलका झाला तो काय सांगू! "तुझी कसली चूक? माझी!" "अरे, तू गप, माझी!" सहाजण एकाच अपराधावर हक्क सांगत तावातावाने भांडू लागलो.

सगळे ऐकून घेऊन जमादार म्हणाले, "गेला तो एक, आणि मारेकरी सहा? भिया हो, हा हिशेब कुठल्या शाळेत शिकलात?" रहीमचाचांना प्रथम हसू फुटले, मग आम्हा सगळ्यांना. हसता हसता मी लहान मुलासारखा रडलो आणि मला त्याची लाज वाटली नाही. गावी जाण्याचे त्या दिवशी राहिले ते राहिलेच.

परवा या सत्काराला संमती घ्यायला आम्ही सहाही जण गेलो. जमादार म्हणाले, "हार मागाहून. आधी माझं ऐका." आजवर त्यांनी आपले कधी काही सांगितले नव्हते. ते तरुणपणी देवासला बंबावर होते तेव्हा दांड्यावर त्यांच्या शेजारी श्रीपती नावाचा सोबती होता. एका वाईट आगीनंतर तो तीन दिवस मुका बसला आणि चौथ्या दिवशी न सांगता गाव सोडून गेला. पुन्हा त्याचा पत्ता लागला नाही. "मी शेजारी होतो," जमादार म्हणाले, "कसा आहेस, एवढंसुद्धा विचारलं नाही. मर्दाला काय विचारायचं, असं वाटलं."

दंडकाप्रमाणे आम्ही मध्ये बोललो नाही. त्यांचे झाल्यावर मी म्हणालो, "जमादार, मीही निघालो होतो. तुम्ही आलात म्हणून राहिलो." रामभाऊ म्हणाले, "मी पण." रहीमचाचा म्हणाले, "मैं भी, बेटा." असे आम्ही सहाही जण बोललो. जमादारांनी उपरण्याने डोळे पुसले आणि आत वळून हाक दिली, "अहो, बाफले टाका. सात माणसं आहेत."

परमेश्वराने त्यांना उदंड आयुष्य आणि खणखणीत प्रकृती द्यावी. यात आमचा स्वार्थ आहे. साठ वर्षांत बळवंतरावांनी स्वतःचे एकदाच सांगितले आहे. बाकीचे सगळे अजून त्यांच्या पोटात आहे, आणि ते नीट ऐकून घ्यायला आम्हाला निदान चाळीस वर्षे तरी लागतील.