टोचणारी सीट

नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. पनवेलला सायकलच्या दुकानात मी पंक्चर काढायला थांबलो होतो. तेवढ्यात चाळिशीची एक कोळीण पुरुषी सायकल ढकलत आली. मागे सुक्या मासळीची टोपली. किनाऱ्यावरच्या करंजाहून ती दर आठवड्याला तीसेक किलोमीटर सायकलनेच यायची.

"सीट टोचते. रुंद, स्प्रिंगवाली बसव," ती मिस्त्रीला म्हणाली.

"मावशी, बाईमाणसाने एवढ्या लांब सायकलवर येऊच नये. एसटी आहे की!"

आम्ही सगळेच हसलो. ती हसली नाही.

"वास येतो म्हनून यष्टीतून खाली उतरवतात. टोचते सीट, आन बदलायचं मी? मी नाय बदलनार, सीट बदल!"

मग तिने तीन सीटा बसवून पाहिल्या. दर वेळी काष्टा आवरून गल्लीच्या टोकापर्यंत चक्कर मारायची आणि नकारार्थी मान हलवायची. "पुढचं टोक खाली घे. अजून." मिस्त्री आता निमूटपणे पाना फिरवत होता. चौथी सीट तिला पटली आणि पैसे देऊन ती वळूनही न बघता निघून गेली.

"साहेब, तुमची सीट ठीक आहे ना?" मिस्त्रीने विचारलं.

आठ वर्षं कळ सोसत ऑफिसला जाणारा मी सवयीने 'चालतंय' म्हणणार होतो.

"नाही," मी म्हटलं. "काढ ती."