अक्कांनी पास केलेली नावं

बनशंकरीच्या आमच्या भागात माझ्या नणंदेने तपासल्याशिवाय एकाही मराठी मुलाला नाव मिळालेलं नाही, असं मी म्हटलं तर दोन-चार घरं आक्षेप घेतील. पण ती घरं म्हणजे अक्कांनी नापास केलेलं नाव ज्यांनी हट्टाने ठेवलं आणि पुढे जन्मभर ज्यांना पोराला 'बंटी'वर भागवावं लागलं, अशीच असणार. अक्का माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात नोकरी केली. मशीनवरून येणारा प्रत्येक सुटा भाग हातात घ्यायचा, मापाला लावायचा, उजेडाकडे धरायचा, आणि बरा असेल तर एका पेटीत, नसेल तर दुसऱ्या पेटीत टाकायचा. कारखान्याने त्यांना वयाप्रमाणे निवृत्त केलं, पण तपासणी काही निवृत्त झाली नाही. मी केलेली आमटी, भाजीवालीची तोंडली, देवळातल्या भटजींचे मंत्र, सगळं अजून उजेडाकडे धरलं जातं. या घरात येऊन मला तीस वर्षं झाली. मी कुठल्या पेटीत पडले, हे अक्कांनी सांगितलेलं नाही आणि विचारायचं धाडस मलाही झालेलं नाही.

बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्याने. अक्कांना भाऊ एकच, त्या भावाला मुलगा एकच, म्हणजे हिशेबाने अक्कांच्या वाट्याला आयुष्यात एकच कान यायचा. पण ज्या घरात आत्याच नाही, किंवा आहे ती अमेरिकेत आहे, किंवा आहे ती बोलतच नाही, अशी घरं आमच्या गल्लीत बरीच निघाली. तिथे अक्का उसनी आत्या म्हणून जाऊ लागल्या आणि बघता बघता तपासणी अधिकारी झाल्या. म्हणायच्या, "बारशाच्या दिवशी नुसतं पाळण्यात वाकायचं असतं. खरं काम आधीच करून ठेवायचं."

खरं काम काय, ते मला माझ्याच वेळी कळलं. मला आठवा लागला होता. कॉलेजात असताना एका वहीच्या मागच्या पानावर मी मुलासाठी एक नाव लिहून ठेवलं होतं: तुहिनांशू. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं इतकं जपलेलं. ते अक्कांना सांगितलं तर त्यांनी मला हाताला धरून जिन्याने गच्चीवर नेलं, कठड्याशी उभं केलं आणि कोपऱ्यावरच्या बेकरीकडे तोंड करून हाक मारली, "तुहिनांशू, जेवायला ये रे." त्यांचा श्वास मध्येच संपला. अर्धं नाव शेजारच्या नारळापर्यंत गेलं आणि उरलेलं आमच्याच गच्चीवर पडलं. समोरच्या आजी बाहेर येऊन, कोण गेलं म्हणून विचारू लागल्या. अक्का एवढंच म्हणाल्या, "शैला, तोपर्यंत पोरगं बसखाली जाईल." माझ्या मुलाचं नाव अजय आहे.

काळ बदलला तशा अक्कांच्या परीक्षाही बदलल्या. फोनवरून ऑटो बोलावता येऊ लागल्यावर तर त्यांना खजिनाच सापडला. ज्या नावाची परीक्षा घ्यायची ते फोनमध्ये स्वतःचं नाव म्हणून घालायचं, ऑटो बोलवायचा, आणि ड्रायव्हर फोन करून त्या नावाने कशी हाक मारतो ते ऐकायचं. तो अडखळला तर नाव बाद. शाळेत रोज अडखळणार, ऑफिसात रोज अडखळणार, पोराने काय पाप केलं, असा त्यांचा सवाल. एका आठवड्यात एकच म्हातारी त्याच कोपऱ्यावर कियान, अद्वैता आणि रुद्रांश अशा तीन नावांनी उभी असलेली बघून एका ऑटोवाल्याने, अक्का, काही पोलिसांचं प्रकरण आहे का, असं हळूच विचारलं होतं. अक्कांनी त्याला शेजारच्या सुनेला सातवा लागल्याचं सांगितलं. त्याचं समाधान झालेलं दिसलं नाही.

शेवटची परीक्षा मात्र आवाज न करता व्हायची. नाव घेऊन त्या खुर्चीत डोळे मिटून बसायच्या आणि ओठातल्या ओठात ते म्हणत राहायच्या. ताप आलेल्या मुलाच्या उशाशी बसून म्हणता येतं का, ते बघायच्या. "रागावून हाक मारता येईल अशी नावं ढिगाने मिळतात," त्या म्हणायच्या. "हळू म्हणता येतील अशी फार थोडी."

ज्या बाईने स्वतः कधी ओटी भरून घेतली नाही, तिच्याभोवती संध्याकाळी गच्चीवर पोटुशा पोरी जमायच्या, ही आमच्या गल्लीची एक गंमत होती. गेल्या वर्षी दोघी होत्या. दीपा, दोन घरं सोडून राहणाऱ्यांची मुलगी, बाळंतपणाला माहेरी आलेली. आणि अनघा, आमच्या वरच्या मजल्यावर नुकतीच नागपूरहून बदली होऊन आलेली भाडेकरू. अक्का त्यांना पाण्याच्या टाकीपासून कपड्यांच्या दोरीपर्यंत चालायला लावायच्या आणि चालता चालता त्यांच्या गप्पा चालायच्या. दीपाच्या पायांना आता फक्त नवऱ्याच्या चपला होत होत्या. अनघाला पलंगावर कूस बदलायची म्हणजे अरुंद गल्लीत ट्रक वळवण्याइतका विचार करावा लागायचा. बाळाला उचकी लागली की पोट कसं टकटक करतं, ते दोघी एकमेकींच्या पोटाला हात लावून बघायच्या. मग नावं निघायची. अक्का एकेक नाव ऐकून मान हलवायच्या आणि 'बरं'ऐवजी इथल्या कानडी सवयीने म्हणायच्या, "सरी, उद्या ऑटोवाल्याला विचारू."

तिसरी होती माझी सून, गौरी. तिचं माहेर पुण्याचं. तिचा आणि अजयचा फ्लॅट सर्जापूर रोडला, पण हॉस्पिटल आमच्या घराजवळ, आणि नवव्या महिन्यात दोन तास ट्रॅफिकमध्ये अडकायची कुणाची तयारी नव्हती. पुण्याला जायला डॉक्टरांनी बंदी केली होती. म्हणून ती आमच्याकडे आली होती. तीही टाकीपासून दोरीपर्यंत चालायची. पण नावांचा विषय निघाला की ती दोरीपाशीच थांबायची आणि वाळलेले कपडे पुन्हा पुन्हा हात लावून बघायची. आणि बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलासुद्धा नाव काय ठरवलंय म्हणून विचारणाऱ्या अक्का गौरीला एकदाही विचारत नव्हत्या.

कारण गौरीचं हे दुसरं होतं. दोन वर्षांपूर्वी आठव्या महिन्यात एका सकाळी तिला बाळाची हालचाल जाणवेना. हॉस्पिटलात गेलो तोवर ठोके थांबले होते. मुलगी होती.

त्या दिवशी आमच्या घरातली सगळ्यात शहाणी बाई मी होते. गौरी अजून गुंगीत होती. मी नर्सला सांगितलं, तिला दाखवू नका, बघितलं तर विसरणार नाही. अजयला सह्या करायला पाठवलं. तो आणि अक्का जाऊन सगळं उरकून आले. गौरी घरी यायच्या आत मी दुपटी, झबली, अक्कांनी शिवलेली गोधडी, सगळं एका नातेवाइकांकडे पाठवून दिलं. आल्यागेल्याला दारातच बजावलं की घरात विषय काढायचा नाही. जिचं बारसंच झालं नाही तिला नाव नाही, आणि नाव नाही म्हटल्यावर बोलायचं तरी काय म्हणून, असं सगळ्यांनीच धरलं. मी त्याला 'ती गोष्ट' म्हणायचे. मला वाटायचं, केवढं सांभाळलं मी.

तर गच्चीवर त्या संध्याकाळी अनघाने सहज विचारलं, "गौरी, तुझं पण पहिलंच ना गं?" मी दोरीवरचे कपडे काढत होते. गौरीने तोंड उघडायच्या आत मीच बोलले. पहिलंच, पहिलंच, म्हणून तर घाबरतेय. वर हसलेसुद्धा. दोन वर्षांत विचारणाऱ्या प्रत्येकाला परस्पर उत्तर द्यायची मला इतकी सवय झाली होती, की आपण काय बोललो ते माझ्या कानापर्यंत पोचलंच नाही. गौरीने माझ्याकडे बघितलं. मग कठड्याला धरून सावकाश जिना उतरून गेली.

तीन दिवस ती गच्चीवर आली नाही. ताटात वाढलेलं खायची आणि खोलीत जायची. चौथ्या दिवशी दुपारी हॉस्पिटलची बॅग दाराशी ठेवून ती सोफ्यावर बसली होती. अजय येतोय, ती म्हणाली, सर्जापूर रोडला जाते. मी घाबरले. दिवस भरत आलेले, पहिल्या वेळचं असं झालेलं, आणि तिकडे रात्री-अपरात्री काही झालं तर हॉस्पिटल गाठणार कसं. मी तिला समजावलं, रागावले, हात जोडले, माझी चूक झाली म्हटलं. अक्का समोर खुर्चीत दुपटी घडी करत बसल्या होत्या.

"आई, तुम्ही मुद्दाम नाही बोललात, मला माहितीये," गौरी म्हणाली. "पण मीसुद्धा काय सांगणार होते? दुसरं आहे म्हटलं की लोक विचारतात पहिलं काय, कुठे. तिला नावच नाही. मी मनातल्या मनात तिला काय म्हणू, तेसुद्धा मला माहीत नाही. इथे राहिले की असं वाटतं, ती झालीच नव्हती."

अक्कांनी हातातलं दुपटं मांडीवर ठेवलं.

"नाव आहे," त्या म्हणाल्या.

गौरीने मान वर केली.

"अजय सह्या करायला गेला होता ना. माझ्याजवळ दिली होती. पाऊण तास होती माझ्याजवळ." अक्का गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. "या घरात आत्या मीच. मी सांगितलं तिच्या कानात."

"तुम्ही तपासलं होतं?" गौरीने विचारलं. का विचारलं कोण जाणे.

"नाही गं. वेळ कुठं होता."

मग त्या गौरीजवळ गेल्या, सोफ्याच्या पाठीला धरून जराशा वाकल्या आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी म्हणाल्या. बारशाला म्हणतात तसं, तीन वेळा. मी चार पावलांवर बॅगेचा पट्टा धरून उभी होते. मला ऐकू आलं नाही, आणि मला कुणी सांगितलंही नाही. गौरी रडायला लागली. दोन वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. तेही माझंच यश समजत होते मी. अजय आला तेव्हा त्या दोघी सोफ्यावर शेजारी शेजारी बसल्या होत्या. त्याने मला खुणेने विचारलं. मी बॅग उचलून परत खोलीत नेऊन ठेवली, कारण तेवढंच करण्यासारखं उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गौरी गच्चीवर आली. दोन फेऱ्या झाल्यावर टाकीपाशी थांबून अनघाला म्हणाली, "त्या दिवशी राहून गेलं. माझं हे दुसरं. पहिली मुलगी होती. जुई." अनघाचा चेहरा उतरला. दीपाने मात्र गौरीचा हात धरला आणि म्हणाली, "जुई. चांगलं आहे." मग तिघी पुन्हा चालू लागल्या, आणि दीपाच्या सुजलेल्या पायांचा विषय निघाला. मी दोरीच्या पलीकडे कपड्यांच्या आड उभी होते. माझ्या नातीचं नाव मला असं कळलं, दोन वर्षांनी, गल्लीतल्या दोन पोरींबरोबर.

पुढे नातू झाला. सुखरूप झाला. त्याचं पहिलं रडणं ऐकू येईपर्यंत आमच्यापैकी कुणीही श्वास घेतला नाही, पण ते असो. त्याच्या नावाची अक्कांनी दीड महिना परीक्षा घेतली आणि ऑटोवाल्यांना पुरतं हैराण केलं. आता तो सात महिन्यांचा आहे आणि अक्कांच्या चष्म्याच्या मागे लागलेला असतो.

त्याच्या बारशानंतर एकदा मी अक्कांना विचारलं, मला का नाही सांगितलंत इतके दिवस. मला वाटलं, त्या बोलणार, ऐकवणार. त्या शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "तू विचारलंस कधी?"

खरंच विचारलं नव्हतं. नाव तर नाहीच, पण ती दिसायला कशी होती, हेसुद्धा मी कुणाला विचारलं नव्हतं. तिला मीही बघितलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं. अक्कांनी हातातली शेंग ठेवली. केस खूप होते, त्या म्हणाल्या, कपाळावर आलेले. टोपी घातली होती हॉस्पिटलवाल्यांनी, ती वर सरकत होती.

तेव्हापासून दुपारची कामं आटोपली की मी त्यांच्यापाशी जाऊन बसते आणि काहीतरी विचारते. त्या सांगतात. बोटं लांब होती. डाव्या कानाची पाळी थोडी दुमडलेली होती. ओठ अगदी गौरीचे. एक मूठ मिटलेली होती, एक उघडी. परवा म्हणाल्या, खिडकीतून ऊन आलं तेव्हा मी तिला जरा सावलीत घेतलं, तर कपाळावरची आठी गेली. पाऊण तास होती ती त्यांच्याजवळ, आणि गेले कित्येक महिने त्या मला रोज नवीन काहीतरी सांगताहेत. थोडं आता त्या माझ्यासाठी रचून सांगत असाव्यात, असा मला संशय आहे. मी काही तपासत नाही. ऐकून घेते आणि उद्या काय विचारायचं ते ठरवत उठते.