तात्याजींच्या पाळतीवर

ज्याचं काम दिवसभर दुसऱ्याच्या मागे फिरण्याचं, त्याला किस्से शोधायला जावं लागत नाही. बांधावरून चालत गेलं की धोतराला कुसळं चिकटतात, तसे ते आपोआप चिकटतात. मग घरी बसून एकेक उपसत राहायचं. माझे अजून उपसून झालेले नाहीत, आणि ऐकणारे आता तुम्ही चौघंच उरलात. चहा येईपर्यंत ऐका.

इंग्रजांच्या काळात मी नागपूरला गुप्त पोलिसांकडे शॉर्टहँड रिपोर्टर होतो. सभेत बसायचं, भाषण शब्दन्शब्द उतरवायचं आणि सकाळी साहेबाच्या टेबलावर ठेवायचं. जोडीला जमादार दौलत, सावनेरकडचा. तो पाळतीवर असायचा. आणि आम्हा दोघांचा मिळून एकच माणूस, तो म्हणजे तात्याजी. आधी शाळामास्तर होते, नोकरी सोडून चळवळीत पडले. विलायती कापड घेऊ नका, गुत्त्यावर जाऊ नका, शेतसारा भरू नका, एवढंच त्यांचं सांगणं. पण लोक ऐकायचे ना! म्हणून सरकारदरबारी ही चळवळ ‘डेंजरस’ होती.

हसू नका, पण असा माणूस मला पुन्हा मिळाला नाही. अजून संध्याकाळ झाली की वाटतं, निघावं, सभेला उशीर होईल.

*

सभा दर शनिवारी ‘शुक्रवारी’ नावाच्या तलावाजवळच्या मैदानात भरायची. त्या वेळचा रिवाज असा की सरकारी रिपोर्टरला व्यासपीठाच्या अगदी पुढे टेबल-खुर्ची मिळायची, आणि ती मांडायचे सभावालेच. तात्याजी स्वतः येऊन खुर्ची हलवून बघायचे, डुगडुगत तर नाही. कंदिलाची वात वर करून द्यायचे. मला उशीर झाला तर सभाच सुरू करायचे नाहीत.

“थांबा गा थोडं,” ते लोकांना म्हणायचे, “रिपोर्टरसाहेब यायचे आहेत. आपण बोललो आन् सरकारले समजलंच नाही, तर बोलून फायदा काय?”

एकदा त्यांना जोर चढला आणि माझी पेन्सिल मागे पडली. मी हात वर केला. ते थांबले, मागचं वाक्य सावकाश पुन्हा म्हणाले आणि माझं लिहून होईपर्यंत पाणी प्यायले. नेमका त्याच वाक्यावर खटला झाला.

मॅजिस्ट्रेटनं विचारलं, “हे वाक्य तुम्ही बोललात, हे कबूल आहे?”

“एकदा नाही, दोनदा बोललो,” तात्याजी म्हणाले. “पहिल्यांदा रिपोर्टरसाहेबांचं सुटलं होतं.”

कोर्टाचा पट्टेवालासुद्धा हसला. माझी साक्ष व्हायची होती, म्हणून मी खाली बघत उभा राहिलो. तेवढ्या वेळी दंडावर निभावलं.

*

दौलतची बसायची जागा म्हणजे महाल पेठेत तात्याजींच्या घरासमोरचा कडुनिंब. साधा वेश म्हणून कचेरीनं त्याला फेटा दिला होता, पण पायांत बूट पोलिसाचेच. हा कोण, कशाला बसतो, ते गल्लीतल्या गाईम्हशींनाही ठाऊक झालं होतं.

मे महिन्यातली दुपार. दौलत दाराकडे डोळे लावून घाम पुसत बसलेला. तात्याजींच्या पत्नी बाहेर आल्या. त्यांना आम्ही नुसतं ‘बाई’ म्हणायचो. हातात ताकाचा गडवा होता.

“काहून तापून राहिले, दौलतभाऊ? ते तर मागच्या दारानं कवाचेच इतवारीच्या बाजारात गेले. हे प्या आन् लवकर जा. तुमचा साहेब रागवंल.”

दौलत ताक प्यायला आणि इतवारीकडे पळाला. संध्याकाळी मला विचारतो, “बाबू, खबर कोनाकडून मिळाली म्हून सांगू?”

“खात्रीच्या माणसाकडून, असं सांग,” मी म्हटलं. त्यात खोटं काहीच नव्हतं.

याच बाई त्याला एकदा म्हणाल्या होत्या, “तुमचं बरं आहे, दौलतभाऊ. दिवसभर ते तुम्हाले दिसतात. मले तर जेवाच्या वेळेसच, आन् तेही सभा नसली तर.” हे सांगताना दौलत हसला नव्हता, म्हणून मीही हसलो नाही.

*

आमचा साहेब माणूस वाईट नव्हता. हिंदी मोडकं, आवाज मोठा. त्याची एक थिअरी होती आणि ती तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. लोक म्हणजे मेंढरं, त्यांना काही समजत नाही. ही सगळी गडबड एका माणसावर उभी आहे. “सर काटो, सांप खतम.”

आम्ही दोघांनी सॅल्यूट ठोकला आणि बाहेर आलो. कचेरीचं फाटक ओलांडल्यावर दौलत म्हणाला, “बाबू, साप असन तर ठीक हाय. गांडूळ निघालं तर? तोडलं का एकाचे दोन होतीन.”

पण हुकूम निघाला. खटला नाही, मुदत नाही, नुसतं उचलायचं. नागपुरात ठेवलं तर जेलसमोर गर्दी होईल, म्हणून थेट जबलपूर. सकाळी आम्ही गेलो तेव्हा तात्याजी दाढी करत होते.

“अर्धी झाली आहे, अर्धी होऊ द्या,” ते म्हणाले. आम्ही होऊ दिली. बाईंनी वळकटी बांधली, तिकडे थंडी असते म्हणून आपली शालही आत घातली. निघताना तात्याजी दौलतकडे वळले. “मी गेलो तर तुमचं काय होईल? बदली तर नाही करणार?”

दौलतनं वळकटी उचलली आणि स्वतः लॉरीपर्यंत नेली. बाई दारात उभ्या होत्या. लॉरी वळेपर्यंत मी मागे पाहिलं नाही.

*

साहेबाची थिअरी काही दिवस खरी ठरली. शहर गप्प. साहेब शीळ घालत कचेरीत यायचा.

मग शनिवार आला. सभा कोणी बोलावली नव्हती, पण लोक सवयीनं मैदानात जमले. सवयीनं माझी टेबल-खुर्ची मांडली गेली आणि सवयीनं मीही जाऊन बसलो. व्यासपीठ रिकामं. सगळे एकमेकांकडे बघून राहिले. वर चढायची कोणाची छाती होईना.

शेवटी मागून एक टांगेवाला उठला. मला हात जोडून म्हणतो, “रिपोर्टरसाहेब, तात्याजीचं सारं भाषण तुमच्यापाशी लिहून हाय. तुमीच वाचून दाखवा ना!”

सगळं मैदान माझ्याकडे वळलं. बरं, त्याचंही चूक नव्हतं. तात्याजी शब्दन्शब्द नागपुरात कोणापाशी असतील तर ते माझ्यापाशीच होते. मला घाम फुटला. तेवढ्यात कौसाबाई नावाची बुधवारी बाजारातली भाजीवाली पदर खोचून वर चढली.

“मले भाषण येत नाही,” ती म्हणाली. “तात्याजी काय सांगत होते ते पाठ हाय, तेवढं सांगतो. चुकलं तर हे बाबू बसले हायेत.”

आणि खरंच, दर वाक्याला ती माझ्याकडे बघायची. एका ठिकाणी ती चुकली आणि माझी मान आपोआप ‘नाही’ म्हणून हलली. तिनं वाक्य सुधारलं आणि पुढे गेली. टाळ्या पडल्या. रिपोर्टात एवढं मात्र लिहायचं राहून गेलं.

*

त्यानंतर जे सुरू झालं ते काही विचारू नका. कौसाबाईचं ऐकून टांगेवाला बोलायला लागला, त्याचं ऐकून गिरणीतले विणकर. आधी एका माणसाच्या मागे आम्ही दोघं होतो. आता आम्हा दोघांच्या पुढे अख्खं शहर होतं. दौलतचे बूट झिजले, त्यानं नवे मागितले. साहेब म्हणाला, “लीडर अंदर है, बूट किसलिए?”

माझे हाल तर वेगळेच. नव्या लोकांना रीतभात ठाऊक नाही. टेबल नाही, कंदील नाही, दोघं दोघं एकदम बोलायचे. मी हात वर केला तर लोकांना वाटायचं मलाही बोलायचं आहे. एकानं मला वर ओढायलाच घेतलं होतं!

तेव्हा तात्याजी फार आठवायचे. भाषणाच्या मध्ये ते माझ्याकडे बघून थांबायचे, झालं का लिहून, असं. तेवढंच थांबणं. आयुष्यात माझ्यासाठी इतक्या आदरानं कोणी थांबलेलं नाही. पण सरकारी नोकर मी, हे सांगणार कोणाला? दौलतला सांगायचो. तो म्हणायचा, “मले तं बाबू त्यायची चाल आठवते. इतके वर्षं मांगून पाह्यली.”

*

कडुनिंबाखाली बसणं दौलतनं सोडलं नाही. साहेबानं कारण विचारलं तर म्हणाला, घरी कोण येते-जाते ते पाहतो. येत-जात कोणीच नव्हतं. बाईंनी अंथरूण धरलं होतं. बारीक ताप, खोकला, रोज थोडं थोडं कमी होणं. सकाळी दौलत विहिरीवरून दोन घागरी आणून ओट्यावर ठेवायचा आणि मग समोर जाऊन पाळतीवर बसायचा.

“दौलतभाऊ, त्यांले कवा सोडतीन?” बाई आतून विचारायच्या.

“सोडतीन, बाई.”

“मी असेपर्यंत सोडतीन न?”

तो मला हे सांगायचा आणि फेट्याच्या शेवानं तोंड पुसायचा. तोवर बाईंच्या भावानं सरकारकडे सुटकेचा अर्ज केला होता. अर्ज फिरत फिरत आमच्या साहेबाकडे मत विचारायला आला.

*

साहेबानं मला सांगून ठेवलं, “कल दौलत को लाओ. उसने सबसे ज्यादा देखा है.” प्रश्न एकच होता. ही चळवळ तात्याजींवर उभी आहे की नाही? असेल, तर तात्याजी आतच राहणार. नसेल, तर त्यांना ठेवून उपयोग नाही, घरी जाऊ द्या.

मला वाटलं, सुटलो. शहर तर डोळ्यांसमोर चाललेलं आहे. पण दौलतला विचारलं, तू काय सांगशील? तर छाती काढून म्हणतो, “खरं तेच सांगीन. तात्याजीसारखा मानूस नाही. त्यायच्याबिगर सारं सुनं हाय.”

“अरे, असं सांगशील तर ते जन्मभर आत राहतील!”

त्याला हे उमजायला फार वेळ लागला. ज्याच्यावर जीव आहे त्याला सोडवायचं, तर तो कोणीच नाही असं सांगायचं. सगळी संध्याकाळ मी त्याच्याकडून घोकून घेतलं. म्हण, त्यांना कोणी विचारत नाही. तो तोंड उघडायचा आणि मिटायचा.

दुसऱ्या दिवशी साहेबासमोर दौलत ताठ उभा. साहेबानं विचारलं. दौलतनं भिंतीकडे पाहिलं.

“साहेब, त्याले गावात कोनी कुत्रंही विचारत नाही.”

असं म्हटलं आणि घळाघळा रडायला लागला.

साहेब चकित. “रोता क्यों है?”

“डोये आले हायेत, साहेब,” दौलत म्हणाला.

साहेब खिडकीकडे गेला. नंतर माझ्याकडे न वळताच म्हणाला, “डॉक्टर को दिखाओ.” आणि सुटकेच्या बाजूनं मत देऊन टाकलं. स्वतःच्या थिअरीविरुद्ध.

*

गाडी संध्याकाळची होती. गर्दी नको म्हणून सुटकेची बातमी बाहेर जाऊ दिली नव्हती. स्टेशनवर आम्ही दोघंच. तात्याजी उतरले तेव्हा मी ओळखलंच नाही. दाढी वाढलेली, अंगावर बाईंची शाल. ते प्लॅटफॉर्मवर इकडेतिकडे बघून राहिले, आणखी कोणी आलं आहे का म्हणून.

टांग्यात बसल्यावर विचारलं, “मला कसं काय सोडलं?”

मी म्हटलं, “चळवळीत तुमचं आता वजन उरलं नाही, असं सरकारचं मत झालं.”

“असं कोण म्हणालं?”

“म्या,” दौलत म्हणाला.

तात्याजी त्याच्याकडे बघत राहिले. चेहरा पडला होता. “खोटं बोलले न, दौलत?”

तोवर तलाव आला. मैदान फुलून गेलं होतं, कौसाबाई वर उभी होती. आता ती कोणाकडे बघून बोलत नव्हती. तात्याजींनी टांगा थांबवला, उतरले आणि गर्दीच्या मागे जाऊन उभे राहिले. मला वाटलं, आता कोणीतरी वळेल, ओळखेल, खांद्यावर उचलून घेईल. एक जण वळलाही.

“बाबा, बाजूले सरका गा,” तो म्हणाला, “मागच्याले दिसत नाही.”

तात्याजी बाजूला सरकले. थोडं ऐकलं. दौलतनं हळूच म्हटलं, “घरी चला जी. बाई वाट पाहून राहिल्या.” ते मुकाट टांग्यात येऊन बसले.

घरी दार उघडंच होतं. बाई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. मैदानावरचा जयजयकार तिथवर ऐकू येत होता. त्यांनी तात्याजींना वरपासून खालपर्यंत पाहिलं, शाल पाहिली.

“तिकडं सभा चालू आहे न? मंग तुम्ही घरी कसे?”

तात्याजी खाटेच्या कडेवर टेकले. “माझ्यावाचून तिथं काही अडलं नाही.”

“माझं अडलं होतं,” बाई म्हणाल्या.