तरंगलेला ट्रक

लष्कराच्या लिलावातला तो ट्रक आमच्या शेडसमोर येऊन थांबला, तेव्हा त्याचं चाक माझ्या कमरेच्याही वर येत होतं. हिरवा रंग उन्हानं विटलेला. दारावरचे जुने आकडे खरडून काढले होते, तरी बोट फिरवलं की लागायचे.

चाकणच्या पुढे, कंपन्यांच्या मागच्या रस्त्यावर आमची शेड आहे. मी आणि माझा नवरा तिथं ट्रॉल्या, रॅक आणि टेम्पोच्या बॉड्या बनवतो. दोघंही लातूरकडचे. तो आयटीआयचा वेल्डर, मी मेकॅनिकल डिप्लोमा. ड्रॉइंग माझं, जोडकाम त्याचं, आणि त्यावरून होणारं भांडण दोघांचं.

ट्रक दापोडीच्या एका मंडळानं घेतला होता. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की तिथल्या नदीकाठच्या गल्ल्यांत पाणी शिरतं. बोटी येतात, पण अरुंद गल्लीत त्या पत्र्यांना आणि लोंबत्या वायरींना अडकतात. त्यात अंथरुणाला खिळलेलं माणूस बोटीत घालणं फार अवघड. म्हणून मंडळाला उंच गाडी हवी होती. मंडळाचा सचिव हिंजवडीत कंप्युटरच्या कंपनीत होता, शनिवारी यायचा. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "ताई, मागं माणसं बसतील त्या पेटीत थेंबभर पाणी यायला नको. आमच्याकडं ऑक्सिजनवरची म्हातारी माणसं आहेत. मशीन भिजलं की संपलं."

ट्रक चालवायला मेजर होते. फौजेत त्यांनी वर्षानुवर्षं असलेच ट्रक डोंगरातून चालवले होते. निवृत्त झाले ते हवालदार म्हणून, पण सगळे मेजर म्हणायचे आणि त्यांनी दुरुस्त करणं सोडून दिलं होतं. दिघीला राहायचे. रोज स्कूटरवरून शेडवर यायचे आणि काम बघत उभे राहायचे.

सगळा उन्हाळा आम्ही त्या ट्रकवर घातला. इंजिनाला हवा घेणारी नळी केबिनच्या टपापर्यंत वर नेली, धुराचा पाइपही वर नेला. बॅटऱ्या सीटमागं उचलून बसवल्या. समोर ओढायला विंच लावला. मागचा उघडा हौदा काढून तिथं बंद पेटी केली. दोन्ही बाजूंना बाक, खिडकीच्या उंचीवर स्ट्रेचर अडकवायला हूक, आणि केबिनशी बोलायला वीतभर खिडकी. मागच्या दाराला मी थंड माल नेणाऱ्या गाड्यांचं जाड रबर लावलं. नवऱ्यानं तळाचा एकेक सांधा दोनदा वेल्ड केला.

मग चाचणी. तो आत वर्तमानपत्रं पसरून बसला आणि मी बाहेरून चारी बाजूंनी पाइपनं पाणी मारलं. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातातला कागद कोरडा होता.

"डबा झालाय डबा," तो म्हणाला. एवढं कौतुक त्यानं माझ्या ड्रॉइंगचं कधी केलं नव्हतं.

जुलैअखेर मावळात पावसानं उघडीपच दिली नाही. गाडीचं पासिंग झालं होतं, रंग तेवढा बाकी होता. एका सकाळी सचिवाचा फोन आला. "पाणी वाढवलंय. गाडी निघेल का?"

मी मेजरांकडं बघितलं. ते आधीच टायर तपासत होते.

समोर केबिनमध्ये मेजर आणि माझा नवरा बसले, मागं पेटीत मी. भोसरीपर्यंत रस्ता तुंबलेला होता. सचिव हिंजवडीहून निघाला होता आणि कुठंतरी जाममध्ये अडकून दर थोड्या वेळानं फोन करत होता. दापोडीत शिरलो तर रस्त्याच्या खालच्या अंगाला लोक सामान डोक्यावर घेऊन उभे होते. पोलिसांनी दोरी बांधली होती. ती त्यांनी आमच्यासाठी खाली केली.

पहिली फेरी सोपी गेली. दोन कुटुंबं बाहेर काढली. चाकं बुडतील एवढं पाणी होतं, पण ट्रक त्यातून बैलासारखा चालला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझा नवरा खिडकीतून मागं बघून हसला.

दुसरी फेरी नदीकडच्या शेवटच्या गल्लीची होती. तिथं एका घरात वरच्या मजल्यावर ऑक्सिजनवर असलेल्या आजी होत्या. वीज गेल्यामुळं मशीन बंद पडलं होतं आणि छोटा सिलिंडर संपत आला होता. बोटी पलीकडच्या वस्तीत गुंतलेल्या. गल्लीच्या तोंडाशी रस्ता खोलगट आहे आणि तिथं नाल्याचं पाणी आडवं येतं. जाताना त्या खोलगटीत पाणी आमच्या दाराच्या खालच्या कडेला टेकलं. मी आत वाकून बघितलं. तळ कोरडा.

मेजरांनी गाडी उलटी घेत मागचं दार बरोबर जिन्याच्या मधल्या पायरीला भिडवलं. आजींची सून वर उभी होती, साडी खोचलेली, सिलिंडर कडेवर घेतल्यासारखा धरलेला. शेजारचं एक जोडपं मदतीला होतं, त्यांनाही बाहेर पडायचं होतं. चौघांनी मिळून आजींना स्ट्रेचरवर घेतलं आणि आत सरकवलं. त्यात बराच वेळ गेला. जिन्याची आम्ही आलो तेव्हा दिसणारी एक पायरी निघताना दिसत नव्हती.

दार लावलं. रबर गच्च बसलं. पाण्याचा आवाज बंद झाला आणि आजींचा मास्कमधला श्वास तेवढा ऐकू यायला लागला.

"आई, आलोच आपण," सून म्हणत होती. "आलोच."

गल्लीच्या तोंडाशी खोलगट भागात उतरलो आणि पायाखालची थरथर थांबली.

इंजिन जोरात होतं, उलट अधिकच जोरात. पण तळ एकदम गुळगुळीत वाटायला लागला. खाली रस्ताच नसल्यासारखा. मग मागचा भाग हळूच उजवीकडं सरकला. बाजूच्या खिडकीतून मला किराणा दुकानाची पाटी दिसत होती. ती पुढं जायच्या ऐवजी आडवी जायला लागली. त्या बाजूला नदी होती.

"मागचं धरत नाही," मेजर म्हणाले. आवाज शांत होता, पण ते स्टिअरिंगवर उभे राहिल्यासारखे झुकले होते.

"खड्डा असंल," नवरा म्हणाला. "जरा मागं घ्या."

"मागंही येत नाही."

पुन्हा सरकलो. या वेळी जास्त. शेजारीण बाकावरून घसरली, तिच्या नवऱ्यानं तिला धरलं. सगळे माझ्याकडं बघत होते, कारण गाडी आम्ही बनवलीय हे मीच मघाशी सांगितलं होतं.

मी खाली बसले आणि तळावर हात ठेवला. बाहेर पाणी तळाच्या वर वीतभर तरी चढलेलं असणार. आत थेंब नाही. एवढी मोठी कोरडी पेटी पाण्यात बसेल कशी? ती वर उचलली जात होती आणि मागची चाकं तिच्याबरोबर रस्ता सोडत होती. हे आमच्यापैकी कोणालाच सुचलं नव्हतं. मेजरांनी नद्या ओलांडल्या त्या उघड्या हौद्याच्या ट्रकमधून. पाणी त्यात आपलं आलं आणि गेलं.

मी छोट्या खिडकीला तोंड लावलं. "मेजर, आपण तरंगतोय. पाणी आत घ्यावं लागेल."

नवरा गर्रकन वळला. "डोकं फिरलं का तुझं? आत पेशंट हाय."

"पेटी हलकी आहे म्हणून चाकं टेकत नाहीत. दार उघडते."

"आन् धार जोरात आली तर? माणसं वाहून जातील समदी."

तेवढ्यात गाडी कशाला तरी घासली, पत्रा करकरला आणि आमचा मागचा दिवा फुटल्याचा आवाज आला. एका बंगलीची भिंत होती ती. तिच्यापुढं मोकळं पाणीच होतं.

"किती घ्याल?" मेजरांनी विचारलं.

"बाहेर आहे तेवढंच येईल. गुडघ्याच्या खाली राहील."

"भिंतीला टेकलोय तोवर घ्या. सुटलो तर मग काही खरं नाही."

सुनेनं माझं मनगट पकडलं. तिच्या बांगड्या मला रुतल्या. "ताई, नका उघडू. हात जोडते, नका उघडू."

मी तिला समजावू शकत होते, पण तेवढा वेळ नव्हता. मी नुसतं म्हटलं, "सिलिंडर वर धरा. छातीशी."

स्ट्रेचरवरून आजींचा आवाज आला, मास्कमुळं दबलेला. "उघडायचं तर उघड की लवकर. पाय वर घ्या रं समद्यांनी."

सगळ्यांनी पाय बाकावर घेतले. मी दाराची मूठ फिरवली आणि ढकललं. दार हललं नाही. बाहेरून पाणी दाबत होतं आणि मीच लावलेलं रबर चिकटून बसलं होतं. खांदा लावला, तरी नाही. शेवटी तळावर बसले, पाठ बाकाच्या पायाला टेकवली आणि दोन्ही पाय दाराला लावले. शेजारचा माणूस उतरून माझ्या बाजूला बसला आणि त्यानंही पाय लावले.

"एक, दोन," तो म्हणाला.

दार बोटभर उघडलं. गढूळ पाणी जमिनीलगत आत घुसलं, थंड, डिझेलचा वास मारणारं. माझ्या मांड्यांखालून ते केबिनच्या भिंतीपर्यंत गेलं आणि आपटून परत आलं. मग दार आपसूक आणखी उघडलं. सून तोंडानं काहीतरी पुटपुटत होती आणि सिलिंडर डोक्याच्याही वर धरून उभी होती. पाणी माझ्या कमरेला लागलं. मी उठून उभी राहिले तेव्हा ते पोटऱ्यांपर्यंत होतं, आणि अजून चढत होतं.

आपण सगळ्यांना बुडवतोय, असं मला त्या क्षणी स्पष्ट वाटलं.

आणि मग मागचा भाग खाली बसला. धप्प असा दणका पायातून डोक्यापर्यंत गेला. स्ट्रेचर हुकांवर झुललं, मी ते दोन्ही हातांनी धरलं. तळाखाली पुन्हा थरथर सुरू झाली.

"धरलं," मेजर म्हणाले.

त्यांनी सगळ्यात खालच्या गिअरमध्ये गाडी भिंतीला घासतच पुढं घेतली. पत्रा सबंध बाजूनं फाटत गेला असावा, तसा आवाज येत होता. त्यांनी पर्वा केली नाही. खोलगट भाग संपला, नाक वर झालं, आणि पेटीतलं सगळं पाणी मागच्या दारातून रस्त्यावर ओसंडलं. त्याबरोबर माझी एक चप्पलही गेली.

अँब्युलन्स उभीच होती. आजींना त्यात हलवलं. सून माझ्याकडं न बघता आत चढली.

मेजर केबिनमधून उतरले आणि चाकाला टेकून उभे राहिले. माझा नवरा माझ्याकडं पाठ फिरवून उभा होता. तो फाटलेल्या पत्र्यावरून हात फिरवत होता. तेवढ्यात सचिव पळत आला, हिंजवडीच्या ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात तसंच.

"त्याच गल्लीत अजून दोन घरं आहेत," तो म्हणाला. "बोट यायला वेळ लागेल. पण तुम्हाला जमेल का, ते तुम्ही सांगा."

मेजरांनी माझ्याकडं बघितलं.

"दार उघडं ठेवून गेलं तर गाडी बसून राहील," मी म्हणाले. "पण पाणी आणखी वाढलं तर नाही सांगता येत."

नवऱ्यानं टूलबॉक्समधून दोरी काढली. मागचं दार पूर्ण उघडं करून त्यानं ते बाजूच्या कडीला करकचून बांधलं. पेटीच्या तोंडाला कमरेएवढ्या उंचीवर दुसरी आडवी दोरी ओढली, माणसं बाहेर जाऊ नयेत म्हणून. मग तो स्वतः मागं चढला.

"तू समोर बस," तो म्हणाला.

"मला माहीत आहे आत कसं…"

"म्हायती हाय. समोर बस म्हणालो."

मी समोर बसले. खोलगट भागात उतरताना मी सगळा वेळ छोट्या खिडकीतून त्याच्याकडं बघत होते. पाणी आत शिरलं तसं त्यानं डोळे मिटले. मग उघडले आणि मला मानेनं सांगितलं, चालू द्या. चाकं सुटली नाहीत. दोन घरांतली सात माणसं भिजून, पण धडपणे बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी शेडवर त्यानं खडूनं पेटीच्या तळाशी, दोन्ही बाजूंना, हात जाईल एवढी भोकं आखली. कटर मी चालवला. स्वतः दोनदा वेल्ड केलेले सांधे कापले जाताना तो तिथं थांबला नाही. चहा आणायला गेला. मेजर भोकांवर लावायच्या जाळ्या घासत बसले होते. पाणी शिरेल पण कचरा अडकणार नाही, अशा. मशीन ठेवायला आम्ही वर, स्ट्रेचरच्या उंचीवर, वेगळी फळी केली.

त्या आठवड्यात आम्ही दोघं आजींना बघायला दवाखान्यात गेलो. त्या झोपल्या होत्या. रंग बरा दिसत होता. सून बाहेर बाकावर बसली होती. आम्हाला बघून तिनं बाजूला सरकून जागा केली.

"दार उघडलं तेव्हा मी तुम्हाला शिव्या दिल्या," ती म्हणाली.

"मला ऐकू नाही आल्या."

"दिल्या होत्या. पार आईबापावरून."

माझा नवरा जमिनीकडं बघत म्हणाला, "मीबी मनात दिल्याच की."

तिनं थर्मासचं झाकण उघडलं आणि आम्हा दोघांना चहा ओतला.