मेन्यूमधली दुसरी ओळ

गल्लीत तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणत. स्टेथोस्कोप तिने जन्मात हातात धरला नव्हता. ती बंद पडलेले कॉम्प्युटर दुरुस्त करायची. पण लोक यायचे ते अगदी दवाखान्यात आल्यासारखे, मशीन छातीशी धरून, पडेल चेहऱ्याने, आणि पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "कालपर्यंत चांगला होता हो." मग बाई चष्मा डोक्यावर चढवून त्यांना फैलावर घ्यायच्या. फायलींची दुसरी प्रत ठेवली होती का? नाही? का नाही? झोपा काढत होतात? एवढं ऐकून घेऊनही माणसं तिच्याकडेच यायची, कारण इतरांनी हात टेकलेल्या फायली ती परत आणून द्यायची.

दुकान मुळात तिच्या वडिलांचं. बाबांनी हयातभर तिथे घड्याळं दुरुस्त केली आणि एक दिवस "आता डोळे दमले" म्हणत किल्ली थोरलीच्या हातात ठेवली. थोरली म्हणजे हीच. धाकटी लांबच्या शहरात मोठ्या कंपनीत होती. वर्षातून एकदा यायची, चार दिवस राहायची, घरभर हसायची आणि जायची.

आडपडदा कशाला ठेवायचा, थोरली धाकटीवर जळायची. लहानपणी जळायची आणि केस पांढरे व्हायला लागले तरी जळायचीच. बाबांना दातांच्या डॉक्टरकडे नेणार थोरली, त्यांचा दिवा बदलणार थोरली, दर रविवारी त्यांच्यासमोर बसून त्याच त्या गोष्टी ऐकणार थोरली. आणि धाकटीचा फोन आला की म्हातारा खुर्चीतून उठून उभा राहून बोलणार! थोरली दारात आली की मात्र बसल्या जागेवरून, खिशातले हातही न काढता, नुसतं "आलीस?" एवढंच. हे तिच्या डोळ्यांत इतकं खुपायचं की फोन वाजला की ती मुद्दाम स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायची.

त्यात भर पडली बाबांच्या कॉम्प्युटरची. तो थोरलीने स्वतः जुळवून दिला होता. दुकानात सगळ्यांना घालून द्यायची तीच नेहमीची सिस्टीम, म्हणजे मशीन चालवणारा मूळ प्रोग्रॅम, टाकली, अक्षरं मोठी केली, सगळं हाताशी ठेवलं. पुढे धाकटी सुट्टीला आली आणि त्याच डिस्कवर शेजारी आपल्या आवडीची, फुकट मिळणारी दुसरी सिस्टीम बसवून गेली. "ही हलकी आहे बाबा, पटकन उघडते." तेव्हापासून मशीन चालू केलं की काळ्या पडद्यावर मेन्यूच्या दोन ओळी यायच्या. पहिली धाकटीची, दुसरी थोरलीची. खाली आकडा उलटा मोजत शून्यावर यायचा आणि तोवर बाण दाबून काही निवडलं नाही, तर पहिलीच सुरू व्हायची.

हा क्रम बदलणं थोरलीच्या डाव्या हातचा मळ होता. पण तिने बदलला नाही. बाबांनी स्वतःच्या बोटाने तिची ओळ निवडावी, असा तिचा हट्ट. "कुठलं वापरता हो तुम्ही?" ती अधूनमधून सहज विचारल्यासारखं विचारायची. "दोन्ही गं," असं म्हणून बाबा हसायचे आणि विषय बदलायचे. हे "दोन्ही" तिला जेवढं झोंबायचं, तेवढं सरळ "धाकटीचं" म्हटलं असतं तरी झोंबलं नसतं.

आणि एका सकाळी बाबांचा फोन आला. "अगं, ते मशीन उघडतच नाहीये. नुसती पांढरी अक्षरं येतात आणि थांबतं. माझं सगळं काम आहे त्याच्यात."

हे काम म्हणजे बाबांचं पुस्तक. हाताखालून गेलेलं एकेक घड्याळ कसं खोलायचं, कुठला स्क्रू आधी, कुठली स्प्रिंग डोळ्यांत उडते, हे सगळं ते दोन-अडीच वर्षं नोंदवत होते. आता ही विद्या शिकायला कोणी येत नाही, निदान पुस्तकात तरी राहू दे, असं त्यांचं म्हणणं. दुसरी प्रत नव्हती. गल्लीभर ज्या गोष्टीवरून बाई लोकांना सोलून काढायच्या, ती त्यांच्या सख्ख्या बापाच्या घरी नव्हती.

ती मशीन न्यायला गेली तेव्हा बाबा दोन्ही हात स्वेटरच्या खिशात घालून दारात उभे होते. तिने तो जड डबा एकटीने जिन्यावरून उतरवला. म्हाताऱ्याने साधी वायरसुद्धा धरली नाही. "परत येईल ना गं?" एवढंच दोनदा विचारलं. धाकटीने डबा उचलला असता, तर हेच बाबा दिवा घेऊन पुढे धावले असते, असं तिच्या मनात आलं आणि खालच्या पायरीपर्यंत तिचा नुसता तिळपापड झाला.

दुकानात तिने डिस्क काढून आपल्या मशीनला जोडली. तिची स्वतःची बाजू लगेच उघडली. सगळं शाबूत होतं, म्हणजे शाबूत राहायला तिथे काही नव्हतंच. तिने पहिल्या दिवशी शिकवताना टाईप केलेली एक फाईल होती, "बाबा, हे असं लिहायचं." त्याखाली एक शब्द नाही. बाबा तिच्या घरात कधी राहिलेच नव्हते. सगळा संसार शेजारी, धाकटीकडे.

तेवढ्यात पडद्यावर एक चौकट उघडली. तिच्या सिस्टीमला धाकटीच्या सिस्टीमची भाषा कळत नव्हती, म्हणून ती भाबडेपणाने विचारत होती, की हा भाग वापरण्याआधी फॉरमॅट करावा लागेल, करायचा का? फॉरमॅट म्हणजे पाटी कोरी. या चौकटीला 'हो' म्हणून मग रडत आलेली कितीतरी गिऱ्हाइकं तिने पाहिली होती. खाली दोन बटणं होती आणि माऊसचा बाण 'हो'वरच येऊन थांबला होता.

डॉक्टरीणबाईंनी तो लगेच हलवला नाही. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे. "डिस्कच गेली बाबा" म्हटलं असतं, तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. धाकटीचं सगळं पुसलं जाईल, बाबा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतील, आपल्या बाजूला, आपल्या शेजारी बसून. हे चित्र तिला इतकं गोड वाटलं, की त्या गोडीचीच तिला भीती वाटली. तिने 'नको' दाबलं आणि उठून चूळ भरून आली.

मग मात्र ती कामाला भिडली. आधी डिस्कची जशीच्या तशी नक्कल काढली, मूळ डिस्क बाजूला ठेवली आणि धाकटीवालीच सिस्टीम पेनड्राइव्हवरून चालवून नक्कल तपासली. रोग सापडला. कोणीतरी चालू मशीन बटण दाबून दाबून बंद केलं होतं, तेही पुन्हा पुन्हा, पुरतं उघडायच्या आत. अशाने डिस्कवरच्या फायलींचा पत्ता हरवतो. 'शिकवलं असेल धाकटीने फोनवरून काहीतरी,' ती पुटपुटली.

फायली आल्या, पण नावं गेली. नुसते आकडे. आणि त्या लिहिलेल्या नव्हत्याच, बोललेल्या होत्या. लिहायचं सोडून हे माइकसमोर बोलत का बसले? ही फॅशनही धाकटीचीच असणार. नावं लावायची तर एकेक ऐकणं भाग होतं. दुपारभर थोरली कानाला हेडफोन लावून बसली. बाबा रंगात येऊन सांगत होते, भिंतीवरचं घड्याळ, टेबलावरचं, एका गवयाचं मनगटी घड्याळ जे फक्त तो गायला लागला की बंद पडायचं. सांगताना ते खळखळून हसत होते. हे हसू आपल्या वाट्याला कधी आलं नाही, असं म्हणत ती नावं लावत गेली. सगळ्या फायली मिळाल्या, एकही गेली नाही, आणि याचा जेवढा आनंद व्हायला हवा होता तेवढा झाला नाही.

संध्याकाळी दुरुस्त झालेलं मशीन बाबांच्या घरी जागेवर बसवून तिने वायरी जोडल्या आणि बाजूला झाली. "सगळं आलंय. करा चालू. आणि पटकन उघडतं तेच उघडा, तुमच्या लाडकीचं. मला काही वाटत नाही."

बाबांनी बटण दाबलं. काळा पडदा, दोन ओळी. बाबांचा उजवा हात खिशातून निघाला आणि बाणाच्या बटणाकडे गेला. तो थरथरत होता. नुसता कापत नव्हता, मनगटापासून हलत होता. बोट बाणावर टेकायचं सोडून शेजारच्या बटणावर पडलं, पुन्हा उचललं, पुन्हा भलतीकडेच. डाव्या हाताने त्यांनी उजवं मनगट धरून पाहिलं. तोवर आकडा शून्यावर आला आणि पहिली ओळ उघडायला लागली.

"थांब हं," असं म्हणून बाबांनी बंद करायचं बटण दाबून धरलं. "हे असंच होतं. चार-पाचदा बंद-चालू केलं की जमतं कधीतरी. तू रविवारी यायच्या आधी तुझं उघडून ठेवायचं म्हणतो मी. पण तेवढ्यात ते दुसरंच चालू होतं बघ."

थोरलीने त्यांचा हात बटणावरून काढून घेतला. तो तिच्या हातातही हलायचा थांबला नाही.

"कधीपासून?"

"दुकान तुला दिलं त्याच्या थोडं आधी."

"डोळे दमले म्हणालात."

"म्हटलं काहीतरी." बाबांनी हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला, मग राहू दिला. "धाकटीला बोलू नकोस हं. ती तिकडे एकटी, जिवाला लावून घेईल. तू आहेस खंबीर. तुझ्याकडे ठेव."

"नाही बोलणार," थोरली म्हणाली.

धाकटीला मिळालेलं नाही असं काहीतरी बाबांनी फक्त आपल्याला द्यावं, एवढीच तिची जन्मभराची मागणी होती. ते आज मिळालं होतं. आणि तिला कधी नव्हे ती धाकटी हवीशी वाटत होती, तिथे, शेजारी, बाबांचा दुसरा हात धरायला.