ओहोटीची खिडकी

चूक माझी होती आणि ती मी एका म्हाताऱ्या कारागिराच्या माथी मारली. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे मी सोयीचं तेवढंच सांगेन.

तो सोलापूरजवळच्या होटगीहून यायचा. एक डोळा मिटून काचेचा तुकडा उजेडात धरायचा आणि काहीही विचारलं की म्हणायचा, "हाय तसं हाय की." असली माणसं तुम्हीही पाहिली असतील. पानाने रंगलेले दात, शर्टाला दोनच गुंड्या, आणि तोरा मात्र असा की जणू त्याच्यावाचून जगाचं अडलंय. मला त्याचा तिटकारा होता. वडिलांच्या वयाच्या त्या माणसाला मी सरळ अरेतुरे करायचो.

देवगडच्या एका गृहस्थांनी सोलापुरात माशांचं हॉटेल काढलं. त्यांना दर्शनी भिंतीत रंगीत काचांची खिडकी हवी होती, आपल्या बंदराची. सजावटीचं काम माझ्याकडे होतं, काचेचं मी म्हाताऱ्याला दिलं. म्हाताऱ्याने केलेलं बंदर निम्मं तपकिरी. चिखलात कलंडलेल्या होड्या, आणि एकीखाली उकिडवा बसलेला माणूस.

"समुद्र कुठाय?" मी विचारलं.

"गेलाय. ओहोटी हाय. मालकांनी फोनवर सांगितलंय."

"बघा रे, होटगीच्या माळावरचा खलाशी!" मी तिथे काम करणाऱ्या सुतारांना म्हणालो. ते हसले. मालकांना एक फोन करायचेही कष्ट मी घेतले नाहीत. मोबाइलवरचा बंदराचा निळाशार फोटो त्याच्या नाकासमोर नाचवला आणि चिखल काढायला लावला.

"निदान मानूस ऱ्हाऊ द्या की."

"बुडेल तुझा माणूस!"

चार दिवस खपून त्याने काचा जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या सोडवल्या आणि निळी काच बसवली.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मालक आले. खिडकीत काहीतरी शोधू लागले.

"ह्यात माझे बाबा असणार होते," ते म्हणाले. "ओहोटीला होड्या दुरुस्त करायचे. त्यांचा एकही फोटो नाही. ते कसे बसायचे, हे मी तासभर सांगितलं होतं. कोणी काढलं त्यांना?"

मी म्हाताऱ्याकडे बोट दाखवलं. "ह्याला काही कळलंच नाही, साहेब."

म्हाताऱ्याने हत्यारं पिशवीत भरली आणि गेला. त्याला काम समजत नाही, ही बातमीही शहरभर मीच पसरवली. मग त्याला कोणी कामाला बोलावेना.

दीड वर्ष मी स्वतःला सांगत राहिलो की सवड मिळत नाही. मला सवड नव्हे, हिंमत नव्हती. शेवटी मालकांना खरं सांगितलं, त्यांना आणि त्याच सुतारांना घेऊन होटगी गाठलं. तो ओट्यावर रिकाम्या हातांनी बसला होता.

"तुम्ही बरोबर होता," मी सगळ्यांदेखत म्हणालो. "चिखल मी काढायला लावला, माणूस मी काढायला लावला, आणि आळ तुमच्यावर घेतला. माझं चुकलं, अण्णा. मला माफ करा."